रॉयल संपवलाय, आता 'पर्सोना ५ टॅक्टिका' घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'पर्सोना ५ रॉयल' हा जपानी व्हिडिओ गेम नुकताच संपवला, शंभरावर तास त्यात गेले आणि त्यातल्या शाळकरी मुलांच्या टोळीला सोडवत नाही. म्हणून त्याच टोळीचा 'टॅक्टिका' हा गेम घ्यावासा वाटतोय. पण त्यातली मोठ्या डोक्याची, बाहुल्यांसारखी पात्रं बघून तो पोरांचा खेळ वाटतो आणि डावपेचाचे टर्नवाले गेम तुम्ही आजवर कधी खेळलेले नाहीत.

मी तो दोनदा पूर्ण केलाय, एकदा नॉर्मल पातळीवर आणि नंतर हार्ड या अवघड पातळीवर. माझं म्हणणं, जरूर घ्या, फक्त टोकियोसाठी घेऊ नका.

हे आधीच सांगतोय, कारण माझ्या ओळखीतले जे कोणी या गेमवर नाराज झाले ते सगळे याच एका गोष्टीवरून झाले. रॉयलमध्ये आपण लढायांपेक्षा जास्त वेळ जगत असतो. सकाळची ट्रेन, वर्गातले प्रश्न, संध्याकाळी कुणाला भेटायचं याची ओढाताण, पाऊस पडला की बदलणारे बेत. टॅक्टिकात यातलं काहीच नाही. कॅलेंडर नाही, कॉन्फिडंट, म्हणजे ज्यांच्याशी नातं वाढवायचं अशी माणसं, नाहीत, टोकियोतल्या शिबुयात भटकणं नाही. कथा लेब्लां या कॅफेत सुरू होते. टोळीतल्या माकोतो आणि हारू शाळेतून बाहेर पडायच्या बेतात आहेत, टीव्हीवर तोशिरो कासुकाबे नावाचा खासदार बेपत्ता झाल्याची बातमी चालू आहे आणि बघता बघता सगळे वेगवेगळ्या राज्यांच्या एका भलत्याच जगात खेचले जातात. त्यानंतर एक लढाई, मग अड्ड्यावर गप्पा, मग पुढची लढाई, असाच क्रम चालतो. तुम्हाला मित्रांबरोबर जपानभर हिंडायचं असेल तर याच टोळीचा 'स्ट्रायकर्स' हा गेम घ्या. त्यात सेंदाई आहे, साप्पोरो आहे, ओकिनावा आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीची हवा आहे. लढाया मात्र धावपळीच्या आहेत.

टॅक्टिका घ्यायचा तो त्याच्या लढाईच्या पटासाठी. आणि तो पट फार सुंदर बांधलाय.

डावपेचाचे गेम खेळले नाहीत म्हणून घाबरू नका. या प्रकारातल्या बऱ्याच गेममध्ये नेम लागण्याची टक्केवारी असते. नव्वद टक्के दिसतात, आपण गोळी मारतो, ती चुकते आणि सगळा डाव विस्कटतो. इथे नशिबाला जवळजवळ जागाच नाही. बुद्धिबळासारखं, जे समोर दिसतंय त्यावरच विचार करायचा. शत्रू आडोशामागे असेल तर मार कमी बसतो. तो उघड्यावर सापडला तर क्रिटिकल, म्हणजे जबर वार, बसतो, शत्रू खाली पडतो आणि मारणाऱ्याला 'वन मोअर' मिळतो, म्हणजे पुन्हा हलता येतं आणि पुन्हा वार करता येतो. रॉयलमध्ये शत्रूची कमजोरी शोधायची सवय तुम्हाला लागली असेल, आग की बर्फ की वीज. ती सवय इथे सोडून द्या. इथे कमजोरी म्हणजे चुकीच्या जागी उभं असणं. त्यामुळे सगळा खेळ एका प्रश्नाभोवती फिरतो: याला आडोशाबाहेर काढायचा कसा?

त्याची उत्तरं अनेक आहेत. जवळ जाऊन तडाखा दिला की शत्रू मागे ढकलला जातो. टोळीतल्या मॉर्गानाचा वारा त्यांना लांब उडवतो. हारू त्यांना आपल्याकडे ओढून घेते. शत्रू गच्चीवर असेल तर त्याला वरून खाली पाडता येतं, आणि खाली आपला माणूस आधीच उभा असेल तर तो लगेच त्याचा समाचार घेतो, आपली टर्न खर्च न होता. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तोच मॅप लगेच परत खेळलो, नुसता पुन्हा बघायला मिळावं म्हणून.

आता त्रिकोण. याच्यासाठीच मी हे एवढं लांब लिहितोय. लढाईत एका वेळी तिघेच उतरतात. एखाद्याने शत्रूला पाडून वन मोअर मिळवला की 'ट्रिपल थ्रेट' वापरता येतो. तिघे उभे असतील त्या तीन जागा जोडून त्रिकोण बनतो आणि त्याच्या आत जेवढे शत्रू असतील त्या सगळ्यांना एकदम मार बसतो. ऐकायला साधं आहे, खेळताना मात्र डोक्याला चांगलाच खुराक मिळतो. दोघांना मॅपच्या दोन कोपऱ्यांत पाठवायचं, तिसऱ्याने असा बळी शोधायचा की वन मोअर मिळाल्यावर तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचता येईल. कधी एक पाऊल कमी पडतं आणि नेमका मोठा शत्रू रेषेबाहेर राहतो. मग सगळं मागे घेऊन पुन्हा मांडायचं. वार करेपर्यंत कुणालाही हवं तेवढं पुढेमागे करून बघता येतं, त्यामुळे ही मांडामांड मनसोक्त करा, अजिबात घाई करू नका. जो वार न करता नुसता थांबला त्यालाही चार्ज मिळतो आणि पुढच्या टर्नला त्याचं कसब जास्त जोर धरतं, म्हणजे कोपरा राखून उभा असलेला माणूस फुकट गेला असं होत नाही.

याचा खरा कस लागतो तो साइड क्वेस्टमध्ये, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या जादा मोहिमांत. एकाच टर्नमध्ये सगळे शत्रू संपवा, एकाच टर्नमध्ये पलीकडच्या खुणेपर्यंत पोचा, असली ती कोडी आहेत. एका क्वेस्टवर मी दोन संध्याकाळी अडून बसलो होतो. वन मोअरमुळे माणूस पुन्हा हलतो, म्हणजे शत्रू हा मारायचा नसून पायरीसारखा वापरायचा आहे, हे लक्षात आलं आणि गाठ सुटली. कृपा करून या क्वेस्टची उत्तरं व्हिडिओवर बघू नका. गेममधला सगळ्यात चांगला भाग तुम्ही स्वतःच्या हाताने गमवाल.

हार्डवरच सुरू करा, नवखे असलात तरी. नॉर्मलवर पहिल्या राज्यानंतर शत्रू इतके लवकर आडवे होतात की त्रिकोणाचा विचार करायची गरजच उरत नाही, आणि मग लोक म्हणतात गेम सोपा आहे, तोचतोचपणा आहे. जड गेलं तर मधेच पातळी खाली आणता येते. शिवाय स्किल ट्रीवर, म्हणजे कसबं शिकायच्या तक्त्यावर, टाकलेले गुण कधीही परत काढून दुसरीकडे टाकता येतात, काहीही भुर्दंड न पडता, त्यामुळे चुकीचं काही घेतलंय या भीतीने अडून राहू नका. वेल्वेट रूम या खोलीत लाव्हेंझाकडे फ्यूजन, म्हणजे पर्सोना (पात्रांना लढताना शक्ती देणारी रूपं) एकत्र करून नवे बनवणं, आहेच, आणि इथली मजा अशी की नायक जोकरलाच नव्हे, सगळ्यांना एकेक जादाचा पर्सोना लावता येतो. र्‍युजीला वारा द्या, युसुकेला बरं करायची विद्या द्या, प्रयोग करत राहा.

आता त्या बाहुल्यांबद्दल. चित्रशैली गोड आहे हे खरंच. निन्टेन्डो थ्रीडीएसवरच्या 'पर्सोना क्यू' या गेममध्येही पात्रं अशीच गोंडस होती. पहिल्या राज्याची राणी मारी लग्नाच्या पोशाखात फिरणारी, आरडाओरडा करणारी हुकूमशहा आहे, तिचे टोप घातलेले शिपाई बुटके आहेत आणि सुरुवातीचे काही तास सगळं लुटुपुटूचं वाटतं. पण बंडखोरांची म्होरकी एरिना आणि मारीच्या तुरुंगात सापडलेला तो खासदार तोशिरो, या दोघांची ही गोष्ट आहे. तोशिरो सुरुवातीला भित्रा, बोलघेवडा, प्रत्येक जबाबदारीतून अंग काढून घेणारा वाटतो. त्याला काही आठवत नाही. का आठवत नाही, हे जसजसं उलगडत जातं तसतशी ती गोंडस चित्रं अंगावर यायला लागतात. अन्याय दिसत असताना आपण गप्प बसलो, तर त्या गप्प बसण्याचं पुढे काय होतं, हा गेमचा गाभा आहे. तिसऱ्या राज्यात एक प्रसंग आहे, तो मी इथे सांगणार नाही, पण त्या रात्री मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. रॉयलमधल्या कित्येक महालांच्या, म्हणजे तिथल्या खलनायकांच्या, गोष्टींपेक्षा तोशिरोची गोष्ट मला जास्त लागली, कारण तो शाळकरी मुलगा नाही. तो तडजोडी करून चुकलेला मोठा माणूस आहे.

त्रुटी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. बोलणं फार आहे. एक गोष्ट कळली की ती आणखी दोघं वेगळ्या शब्दांत सांगतात. शत्रूंचे प्रकार कमी आहेत, राज्य बदललं तरी नव्या कपड्यांतले तेच शिपाई भेटतात. मॅपही बऱ्याचदा भिंती, पेट्या आणि दरवाजे उघडणारी बटणं, एवढ्यावरच भागवतात. दुसऱ्या राज्याला जुन्या जपानचा साज आहे म्हणून डोळ्यांना जरा बदल मिळतो. सगळ्यात जास्त खंत मला आपल्या मूळ टोळीबद्दल वाटते. ॲन, युसुके, हारू सोबत असतात, मधूनमधून छान बोलतात, पण त्यांच्या मनात नवीन काही घडत नाही. तुम्ही रॉयलमधून थेट येणार असाल तर हे जाणवेलच. म्हणून मधे महिनाभर जाऊ द्या. रॉयल अजून डोक्यात ताजा असताना हा हातात घेतला की तुलना थांबत नाही.

'रीपेंट युअर हार्ट' हा वेगळा विकत घ्यायचा भाग आहे. त्यात जोकरबरोबर रॉयलमधले अकेची आणि कासुमी आहेत, आणि जमीन रंगवत लढायचं असतं. रंगाची कल्पना मजेदार आहे, पण हा भाग छोटा आहे आणि कथा मुख्य गेमइतकी खोल जात नाही. अकेची तुमच्या जिव्हाळ्याचा असेल तर घ्या, नाहीतर सवलत लागेपर्यंत थांबा.

एक शेवटचं, आवाजाबद्दल. इंग्रजी आवाज वाईट नाहीत, पण तोशिरोसाठी जपानी आवाज लावा. सुरुवातीची त्याची बडबड आणि शेवटाकडचं त्याचं थांबत थांबत बोलणं, यातला फरक जपानी न कळताही ऐकू येतो. आणि मारीचं राज्य पार होईपर्यंत गेमबद्दल मत बनवू नका. सुरुवातीला बाकीचे साथीदार तिच्या कह्यात असतात, तुमच्याकडे मोजकीच माणसं असतात आणि पट अजून पुरता उघडलेला नसतो. सगळे परत आले, पहिला मोठा त्रिकोण जमला, की मग इथे येऊन सांगा कोणते तिघे घेऊन खेळताय. माझे मॉर्गाना, हारू आणि एरिना.