दुकानांत सुगंध सोडून ग्राहकांना जास्त खर्च करायला लावतात, हे खरे आहे का? त्यापासून स्वतःला वाचवायचे कसे?

खरे आहे, पण सुगंध पुरवणाऱ्या कंपन्या सांगतात तितके ते सोपे नाही. चादरी, पडदे आणि अभ्रे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात मी सात वर्षे काम केले आणि त्यांतील शेवटची तीन वर्षे सुगंधाच्या यंत्रातील बाटली बदलण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हा प्रश्न नुसता वाचून पुढे जाणे मला जमले नाही.

आमचे यंत्र फॉल्स सीलिंगच्या आत, एसीच्या डक्टला जोडलेले होते. त्यातून सुगंधी तेल इतक्या बारीक तुषारांच्या रूपाने हवेत मिसळे की डोळ्यांना काहीच दिसत नसे. सुरुवातीला बाटलीत साधा संत्र्याचा वास होता आणि टायमर पंधरा सेकंद चालू, दोन मिनिटे बंद असा लावलेला होता. ग्राहक वासाबद्दल एक शब्दही काढत नसत, पण रेंगाळत, चादरींच्या घड्या उलगडून पाहत, आणि विक्री चांगली होत असे. वर्षभराने पुरवठादाराने मालकांच्या गळ्यात ‘खास आपल्या दुकानासाठी’ बनवलेला एक मिश्र सुगंध मारला. त्यात लाकूड होते, फुले होती, मसाले होते, आणि तो नेमका कशाचा वास आहे हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नव्हते.

त्याच सुमारास मालक रोज, दुकानात येऊन तासभर झाला की म्हणू लागले, “वास येतच नाही, वाढवा.” मी शिडीवर चढून बंदचा काळ दोन मिनिटांवरून एक मिनिटावर आणि पुढे तीस सेकंदांवर आणला. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते. म्हणून दिवसभर आत बसणाऱ्याला तो कधीच पुरेसा वाटत नाही आणि बाहेरून येणाऱ्याला मात्र तो दारातच असह्य होतो. एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या, मुलीने दोन्ही हातांनी नाक दाबले, आणि त्या उंबरठ्यावरूनच परत फिरल्या, हे मी काउंटरवरून पाहिले आहे.

विक्री उतरली तेव्हा खापर आमच्यावर फुटले. आम्ही ग्राहकांशी नीट बोलत नाही असे ठरले आणि त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह कापला गेला. वासामुळे रोज दुपारी डोके ठणकते असे मी सांगितले, तेव्हा ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे उत्तर मिळाले. जो वास ग्राहकाला खिशात हात घालायला लावतो, तोच वास नऊ तास उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला बाधत नाही, हे म्हणणे अप्रामाणिक आहे असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

पुढे ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. स्वित्झर्लंडमधील गृहसजावटीच्या एका दुकानात १८ दिवस ४०० हून अधिक ग्राहकांचे निरीक्षण केले गेले. काही वेळा हवेत साधा संत्र्याचा वास होता, काही वेळा संत्रे, तुळशीच्या जातीची बेझिल आणि ग्रीन टी यांचे मिश्रण होते, तर काही वेळा कोणताच सुगंध नव्हता. साध्या वासात ग्राहकांनी सरासरी सुमारे २० टक्के जास्त खर्च केला. मिश्रणाचा तसा लाभ झाला नाही. साधा वास ओळखण्यात मेंदूला श्रम पडत नाहीत आणि लक्ष वस्तूंवर राहते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. लास वेगासच्या कॅसिनोतील, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या प्रयोगातला, जुगारात लावलेल्या पैशांतील ४५ टक्के वाढीचा आकडा पुरवठादार हमखास पुढे करतात, त्यातही दोन वास वापरले होते आणि परिणाम एकाचाच दिसला होता. आमचा इन्सेंटिव्ह कापणाऱ्यांनी हे दोन निष्कर्ष वाचायला हवे होते.

राहिला बचावाचा प्रश्न. गंधाचा संदेश भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांकडे जवळजवळ थेट जातो, त्यामुळे ‘मी भुलणार नाही’ असा नुसता निश्चय फारसा उपयोगी पडत नाही. घरून यादी करून जावे आणि यादीबाहेरची मोठी वस्तू घेण्यापूर्वी दहा मिनिटे दुकानाबाहेर मोकळ्या हवेत उभे राहावे. आमच्याकडे असे बाहेर जाऊन आलेले अनेक ग्राहक निम्माच माल घेत. अर्थात आमचे दुकान म्हणजे प्रयोगशाळा नव्हती. विक्री उतरण्यात हंगामाचाही वाटा असू शकतो, हे मान्य केले पाहिजे.

तुम्ही स्वतः दुकान चालवत असाल, तर एकच ओळखीचा वास ठेवा आणि तो किती सोडायचा हे बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारून ठरवा, आत बसलेल्या मालकाला विचारून नव्हे. कर्मचाऱ्याने डोकेदुखीची तक्रार केली, तर त्या दिवशी यंत्र बंद करा. या तिन्ही सूचना मी तेव्हा लेखी दिल्या होत्या आणि त्या कागदाची प्रत अजूनही माझ्याकडे आहे.