इंग्रजीत पण असं असतं का?

प्रश्न: आपल्या सोलापुरात चाटी गल्लीतलं बोलणं वेगळं, कॉलेजातलं वेगळं. इंग्रजीत पण असंच असतं का ओ? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: असतं की! १९६२ मध्ये विल्यम लॅबॉव्ह हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेले, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त, आणि चौथ्या मजल्यावरच्याच वस्तू कुठं आहेत म्हणून विचारत सुटले, म्हणजे समोरचा 'फोर्थ फ्लोर' म्हणणारच, त्यातला 'र' तो म्हणतो की गाळतो ते ऐकायचं होतं ना त्यांना. महागड्या दुकानात 'र' भरपूर, स्वस्तात फारच कमी, आणि ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारलं की 'र' वाढायचा (साहेबापुढं आपण पण तेच करतो). इंग्लंडमध्ये नेमकं उलटं, तिथं हा 'र' गाळणारे साहेबी वाटतात, अन् नैऋत्येकडचे लोक तो म्हणतात तर त्यांना गावठी समजतात.