नदीकाठच्या वाटेने धबधब्यापर्यंत: एका दिवसात होईल, पण दोरी घरी ठेवा

तुम्ही लिहिलंय की जाऊन-येऊन 14 किलोमीटर आहे, चढ 300 मीटर, वाटेत दोनदा नदी ओलांडायची आणि शेवटी धबधबा. एका दिवसात होईल का, बरोबर काय घ्यावं, हा प्रश्न. पुढे सहज जोडलंय, 'दोरी घेतली आहे, त्यामुळे नदीची चिंता नाही.' खरं सांगायचं तर त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलोय.

आधी वेळेचं बघू. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा लावला, म्हणजे तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा, तर हिशेब सव्वातीन तासांवर येतो. नदीकाठी तो हिशेब विसरा. ओल्या मुळ्या, दगडधोंडे, कोसळलेली झाडं आणि दरड आली की वर चढून घातलेला वळसा, यांत तासाला अडीच किलोमीटर पडले तरी बरं. म्हणजे नुसतं चालणं साडेपाच तासांच्या वर. नदी येता-जाता मिळून चारदा, दर वेळी जागा शोधण्यापासून मोजे पिळण्यापर्यंत वीस मिनिटं. धबधब्यापाशी एक तास. झाले आठ तास. सकाळी 7 ला चालायला लागा आणि दुपारी 12 ला, धबधबा दिसो न दिसो, मागे फिरा. ही वेळ आदल्या दिवशी सगळ्यांसमक्ष ठरवा. समोरून धबधब्याचा आवाज यायला लागला की शहाणी माणसंसुद्धा 'दहाच मिनिटं' म्हणतात. शिवाय डोंगरात पाऊस बऱ्याचदा दुपारी धरतो, आणि तुमच्या परतीच्या दोन्ही पाणवाटा, म्हणजे नदी ओलांडायच्या जागा, दुपारीच आहेत.

आता दोरी. दोरीवाल्यांशी माझं जुनं वैर आहे. 'कमरेला बांधली की वाहून तरी जाणार नाही' असं ते म्हणतात. बांधलेला माणूस घसरला की दोरी ताणली जाते, माणूस एका जागी अडकतो आणि वरून येणारं पाणी त्याला खाली दाबतं. काठावरच्या दोघांना प्रवाहाविरुद्ध तो ओढवत नाही. सोडली तर वाहतो, धरली तर बुडतो. बरं, बांधली नाही, दोन्ही काठांवर झाडांना आडवी ताणली, तरी भर टाकताच ती खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला, झोळ घेते आणि तुम्हाला नेमकं मधल्या जोराच्या धारेत लोंबकळत ठेवते. ज्यांनी पाण्यातल्या बचावाचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय ते दोरी तिरकी लावतात आणि खालच्या अंगाला माणसं उभी करतात; ते काम त्यांचं.

दोरीऐवजी डोकं जागेच्या निवडीला लावा. पायवाट जिथे पाण्याला भिडते तीच जागा नदी ओलांडायला सोयीची असते असं नाही. पात्र रुंद आणि उथळ झालेलं, शक्यतो दोन-तीन फाट्यांत विभागलेलं ठिकाण बघा. खाली शंभर-दोनशे मीटर काय आहे ते स्वतः चालत जाऊन पाहा: धबधबा, आडवं पडलेलं झाड किंवा खडकांची चिंचोळी घळ असेल तर ती जागा बाद. पाण्यात काटकी टाका आणि तिच्या बाजूने काठावर चाला. ती तुमच्या पुढे जायला लागली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, डोळ्यांना मात्र फरक थोडासाच वाटतो.

उतरताना बूट पायातच. अनवाणी पाय दगडांच्या फटीत अडकतो. मोजे काढून ठेवले तर चालेल. सॅकचा छातीचा पट्टा सोडा, कंबरेचा एका झटक्यात सुटेल असा ठेवा. एकट्याने जाताना तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला, पाय न उचलता सरकवत. तिघं-चौघं असाल तर एकमेकांच्या पाठीमागून हात घालून शेजाऱ्याच्या सॅकचा पट्टा घट्ट धरा. रांग प्रवाहाला समांतर, सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला, बाकीचे त्याच्या आडोशाला, आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. पडलातच तर जोराच्या पाण्यात उभं राहायची धडपड नको, पाय अडकतो. उताणे व्हा, पाय पुढे आणि वर, आणि हातांनी काठाकडे वल्हवा.

जाताना पाण्याच्या अगदी कडेला एक दगड हेरा आणि त्याचा फोटो काढा. परतताना तो दगड पाण्याखाली असेल तर नदी चढते आहे. स्वच्छ पाणी गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज जाड होणं, तळाशी धोंडे गडगडणं हीही तीच खूण. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाऊस वर कुठेतरी झालेला असतो. अशा वेळी अलीकडच्या काठावरच उंचावर बसून राहायचं. छोट्या नद्या पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतात, म्हणूनच सामानात प्रत्येकाकडे हेडटॉर्च, एक कोरडा गरम थर आणि जास्तीचं खाणं हवं, ते प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून. पाणी दर तासाला अर्धा लिटर धरा. नदीचं प्यायचं तर उकळून. सुती कपडे नकोत, भिजले की अंगातली ऊब शोषून घेतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, मात्र खोल घळीत आणि दाट झाडीखाली तो तुम्हाला नदीच्या चुकीच्या काठावर दाखवू शकतो.

धबधब्याच्या माथ्यावर जायचं नाही, विषय संपला. वरून सपाट दिसणाऱ्या खडकावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तिथे कुठलाच सोल टिकत नाही. खालच्या डोहात थेट धारेखाली जाऊ नका: फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस कमी तरंगतो, आणि धारेबरोबर दगडही येतात. अंगावर उघडी जखम असेल तर डोहात उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू जखमेतून शिरतात.

एक राहिलं, आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं: या नदीवर वरच्या अंगाला धरण किंवा वीजप्रकल्प आहे का? असेल तर पाऊस नसतानाही विसर्ग होतो आणि आधी सांगितलेल्या सगळ्या खुणा दिसायच्या आत पाणी येऊन पोचतं. तसं असेल तर विसर्गाच्या वेळा संबंधितांकडून विचारून घ्या. नक्की उत्तर मिळालं नाही तर पहिल्या पाणवाटेपर्यंतच जा, तिथे डबा खा आणि परत या.