पावतीवर वाचले 1,480, हातात उरले 390

प्रश्न : आम्ही खानापुरात राहतो, घरात पाच माणसं. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, पगार सात तारखेला होतो. किराणा गल्लीतल्या दुकानातून खात्यावर आणतो, गेल्या महिन्याचं बिल 8,400 झालं. या महिन्यात जाऊबाईंबरोबर बेळगावच्या मोठ्या सुपरमार्केटला गेले. 9,650 चं सामान आलं, पण पावतीवर 1,480 रुपये वाचले असं छापलंय. जाऊबाईंचे तर म्हणे महिन्याला दोन हजार वाचतात. सगळा किराणा तिकडेच हलवून मुलीसाठी म्युच्युअल फंडात महिना 1,500 ची एसआयपी सुरू करू का?

उत्तर : ताई, एसआयपीचा फॉर्म एवढ्यात भरू नका. दोन्ही बिलांचे फोटो पाठवलेत हे बरं केलंत, नाहीतर मलाही अंदाजपंचे बोलावं लागलं असतं.

पावतीवरचे 1,480 हे एमआरपीच्या तुलनेत आहेत. तुमचा दुकानदार तरी कुठे सगळं एमआरपीला देतो? चहा पावडर, तेल, कपड्यांचा साबण, सगळ्यांवर त्यानंही दोन-चार रुपये सोडलेले दिसतात. तेव्हा तीच वस्तू गेल्या महिन्यात तुम्हाला कितीला पडली होती, एवढंच बघायचं. मी वजनं जुळवून हिशोब मांडला. तेल, चहा, साबण, बिस्किटं असं पाकीटबंद सामान दुकानात 4,500 ला पडलं होतं, सुपरमार्केटात 4,020 ला. म्हणजे 480 वाचले. तांदूळ, डाळी, गूळ, मिरची हे सामान मात्र दुकानात 3,900 चं होतं, तिथे 3,990 चं झालं. एकूण फायदा 390 रुपयांचा.

मग बिल 9,650 कसं झालं? उरलेले 1,640 यादीत नसलेल्या सामानाचे आहेत : बादली, दोन टॉवेल, काचेच्या बरण्या, चॉकलेटचा मोठा पुडा. बरण्या छानच असतील. पण अशा दुकानांचं गणितच तसं असतं. रोजच्या किराण्यावर नफा कमी ठेवायचा, माणसं खेचायची आणि कपडे, भांडी, प्लास्टिकवर तो भरून काढायचा. यात फसवणूक काही नाही, फक्त आपण तिथे कशाला आलो होतो हे लक्षात ठेवावं लागतं.

धान्य-डाळींचं सामान तिथे महाग पडलं याचं तुम्हाला नवल वाटेल. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या तांदूळ, डाळ, पिठावर 5 टक्के जीएसटी आहे. पोत्यातून काढून तोलून दिलेल्या डाळीवर तो नाही. वर पाकिटाचा, निवडून साफ करण्याचा खर्च असतोच.

तेलाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरी महिन्याला सहा पिशव्या लागतात. दुकानातली पिशवी 152 ची, सुपरमार्केटातली 145 ची. सात रुपये सुटले असं वाटतं. पण फोटो मोठा करून बघा : दुकानातल्या पिशवीत 910 ग्रॅम, म्हणजे साधारण लिटरभर तेल आहे आणि दुसरीत 850 ग्रॅम. किलोला 167 विरुद्ध 171 रुपये. स्वस्त दिसणारी पिशवीच महाग! पाकिटावर प्रतिग्रॅम दर छापलेला असतो खरा, पण तो एमआरपीवरून काढलेला आणि जवळच्या पैशापर्यंत पूर्ण केलेला, त्यामुळे इतका बारीक फरक त्यात दिसत नाही. मोबाइलवर किमतीला ग्रॅमनं भागा आणि हजारानं गुणा. तेल दुकानातूनच घ्या.

जाऊबाईंच्या दोन हजारांबद्दल एक शंका आहे. त्या कोणत्या बिलाशी तुलना करतात ते विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. जुनं बिल त्याआधीचं असेल, तर त्यातली काही बचत कर कमी झाल्याची आहे, दुकान बदलल्याची नव्हे.

आता मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या खात्याची. दुकानदार महिनाभराचं सामान आधी देतो, पैसे पगार झाल्यावर घेतो, व्याज घेत नाही. सुपरमार्केटात पैसे काउंटरवर द्यावे लागतात. सगळा किराणा एकदम हलवलात, तर त्या महिन्यात मागची उधारी आणि नवं रोखीचं बिल एकाच पगारातून जाईल, म्हणजे 8,400 अधिक आठ-नऊ हजार. अशा महिन्यात लोक क्रेडिट कार्ड काढतात किंवा सोनं गहाण ठेवतात आणि 390 रुपयांची बचत व्याजात जाते. शिवाय घरात आजारपण आलं, पगार लांबला, तर ओळखीवर सामान देणारा तो गल्लीतलाच.

म्हणून सगळं हलवू नका. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं एवढंच बेळगावहून आणा, तेही दोन-तीन महिन्यांत हळूहळू वाढवत. आणि त्यासाठी तुम्ही जायची गरज नाही. उद्यमबाग खानापूर रोडवरच आहे, मिस्टर रोज जातात-येतात. पगारानंतरच्या एखाद्या संध्याकाळी त्यांनी यादी घेऊन सामान आणलं, तर वेगळा खर्च थोडाच. स्कूटरनं मुद्दाम फेरी मारली, तर शंभरेक रुपयांचं पेट्रोल जाईल. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना, म्हणजे तुम्हालाही, बसचं तिकीट पडत नाही हे खरं, पण फुकट प्रवास म्हणून फेऱ्या वाढल्या की टॉवेलही वाढतात. रविवारी मुलांना घेऊन तर नकोच.

डाळी आणि मिरचीसाठी वर्षातून दोनदा बेळगावच्या रविवार पेठेत होलसेल दर विचारून बघा, जाऊबाईंबरोबर निम्मं-निम्मं वाटून घेतलं तर परवडतं. तांदळाचं तुम्हाला मी काय सांगणार, खानापूर तालुका भाताचाच. सुगीत ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचं भात घेऊन गिरणीवर काढून आणणं जमत असेल, तर त्यात वाचतील तेवढे पैसे कुठलंही सुपरमार्केट वाचवून देणार नाही. मात्र ते पैसे एकदम लागतात, त्यासाठी आत्तापासून बाजूला काढत चला.

मुलीसाठी 1,500 नव्हे, सध्या 400 धरा. पोस्टातली पाच वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा हप्ता भरायची ठेव, 100 रुपयांपासून उघडता येते. तिथला 6.7 टक्के दर धरला, तर महिना 400 भरून 24,000 चे सुमारे 28,500 होतात आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी भरा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या बाईला महिन्याला मिळणारे 2,000 कधी वेळेवर येतात, कधी रखडतात, त्यांच्यावर हा हप्ता बांधू नका. सहा महिने हप्ता न चुकता गेला, मग एसआयपीचं बोलू. तेव्हा सहाही महिन्यांची दोन्हीकडची बिलं पाठवा.