घरच्या बियांची पपई: नर झाडं आली कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाल गराच्या संकरित पपईच्या बागेतून एक मोठं गोल फळ आणलं, त्याचं बी धरलं आणि एका खड्ड्यात एक अशी ९६ रोपं लावली. फुलोरा आल्यावर ५० मादी, २७ नर आणि १९ उभयलिंगी निघाली. बियाणं बिघडलं का, आणि या नरांचं काय करायचं?

बियाणं बिघडलेलं नाही. चूक फळ निवडण्यात झाली. तुमचे तीन आकडेच सांगतात की या रोपांची आई मादी झाड होती आणि बाप एक नव्हता, निदान दोन होते.

पपईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात आणि त्यातली एक लिंग ठरवते. मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय. उभयलिंगी झाडात एक्सच्या जोडीला वायचाच एक वेगळा प्रकार असतो, त्याला इथे ‘उभय-वाय’ म्हणू. परागकण आणि बीजांड तयार होताना जोडी फुटते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच गुणसूत्र येतं. मादीकडे द्यायला फक्त एक्स. म्हणून मादीच्या फळातल्या बियांत बाप कुणीही असो, निम्म्या मादीच निघणार. तुमच्या ९६ पैकी ५० निघाल्या. उरलेल्या निम्म्यांत बाप दिसतो: २७ रोपांचा बाप शेजारपाजारचं नर झाड, १९ रोपांचा बाप त्याच बागेतलं उभयलिंगी झाड. वारा आणि किडे बांध बघत नाहीत.

गोल फळ हे मादी झाडाचं, लांबट फळ उभयलिंगीचं. तुम्ही लांबट फळाचं बी धरलं असतं, तर त्या फुलाचं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फलन झालेलं असतं आणि हिशोब वेगळा आला असता. कागदावर चार जोड्या होतात: एक्स-एक्स, दोनदा एक्स-उभय-वाय आणि एकदा उभय-वाय-उभय-वाय. ही शेवटची जोडी जगत नाही. जगायला लागणारी काही जनुकं फक्त एक्सवर आहेत, त्यामुळे एकही एक्स नसलेला गर्भ बी पिकायच्या आतच मरतो. राहतात दोनास एक: दोन उभयलिंगी, एक मादी. त्यात नर एकही नाही.

आता गराचा रंग, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. लायकोपीन या लाल रंगद्रव्याचं पिवळ्या रंगद्रव्यात रूपांतर करणारं एक एन्झाइम पपईत असतं. लाल वाणात त्या एन्झाइमच्या जनुकात दोन अक्षरं जास्तीची घुसली आहेत. पेशी डीएनएची अक्षरं तीन-तीनने वाचते. दोन वाढली की तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं, थांबण्याची खूण अवेळी येते आणि एन्झाइम अर्धवट राहतं. लायकोपीन साचतं, गर लाल होतो. मात्र जनुकाची एक जरी प्रत धड असली तरी काम भागतं, म्हणून पिवळा प्रभावी आणि लाल अप्रभावी. शेजारचा नर शुद्ध पिवळ्या गराच्या वाणाचा असेल, तर तुमच्या ५० माद्यांपैकी तीसेक झाडं पिवळ्या गराची निघतील. १९ उभयलिंगी मात्र लालच, कारण त्यांचे आई-बाप दोन्ही लाल बागेतले. तुम्ही आणलेलं फळ आतून लाल होतं, यावरून बापाबद्दल काही कळत नाही. गर पूर्ण आईचा असतो, बापाचा वाटा फक्त बियांत. शिवाय आई संकरित, तेव्हा झाडांची उंची आणि फळांचं वजनही सारखं येणार नाही.

नर सगळे तोडू नका. दहा माद्यांमागे एक या हिशोबाने, बागेत विखुरलेले पाच ठेवा, बाकीचे काढा. खोडात खिळा ठोकून किंवा शेंडा छाटून नराची मादी होते म्हणतात, त्यावर वेळ घालवू नका. गुणसूत्र खिळ्याने बदलत नाही. थंडीत एखाद्या नराला लांब देठावर दोन-चार फळं लोंबतात, त्याचं श्रेय खिळ्याला जातं इतकंच.

पुढच्या वेळी लांबट फळं देणारं, कमी उंचीवर फळ धरणारं निरोगी झाड निवडा. उद्या-परवा उमलेल अशा कळीवर बटर पेपरची पिशवी बांधा, पाकळ्या गळल्यावर काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर पाच महिन्यांनी फळ कोणतं ते आठवत नाही. आधी एक कळी ब्लेडने उभी चिरून खात्री करा. उभयलिंगी कळीत पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, आत दहा पुंकेसर आणि मधोमध काकडीसारखा लांबट बीजकोश. मादीच्या कळीत पुंकेसर नाहीत आणि बीजकोश गोल, फुगीर. नराच्या कळीत बीजकोशाच्या जागी नुसती सुई.

बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा राखेत चोळून काढाच, तो उगवण रोखतो. पाण्यात तरंगणारं बी फेकून द्या आणि उरलेलं सावलीत वाळवा. पिशवीत एक सेंटिमीटर खोल पेरा, पाणी बेताचं घाला. ओल जास्त झाली की रोपं जमिनीलगत सडून कोलमडतात.

एका खड्ड्यात एक रोप ही दुसरी चूक. दोनास एक या प्रमाणात एकच रोप लावलं तर तीनातला एक खड्डा मादीचा. दोन लावली तर किमान एक उभयलिंगी मिळण्याची शक्यता ८९ टक्के, तीन लावली तर ९६. फुलोऱ्यानंतर नको असलेलं रोप उपटू नका, मुळं गुंतलेली असतात. जमिनीलगत कापा.

मुळाला फाटा फुटला का, बी काळं की फिकं, यावरून रोपाचं लिंग ओळखता येत नाही. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून पीसीआर चाचणी करता येते; तीत डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात आणि तो तुकडा असला तर पट्टा दिसतो. पण ती करून घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा. वायचा पट्टा नर आणि उभयलिंगी दोघांत दिसतो, मग दोघांना वेगळं करणारी खूण वापरतात का? आणि सर्व झाडांत दिसलाच पाहिजे असा ताळ्याचा पट्टा सोबत घेतात का? तो नसेल तर फसलेली चाचणी आणि मादी रोप सारखंच दिसतं.

एप्रिल-मेच्या उन्हात, विशेषतः खान्देशात, उभयलिंगी झाडाच्या फुलांत बीजकोश खुरटतो आणि झाड नरासारखं वाटतं. कुऱ्हाड लावण्याआधी देठ बघा. खऱ्या नराचा फुलोरा लांब, फांद्या फुटलेल्या देठावर लोंबतो. उन्हाने बदललेली फुलं आखूड देठावर खोडाला चिकटूनच असतात. पाणी नियमित ठेवलं आणि ऊन उतरलं की त्यांना पुन्हा फळ धरतं.