ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला आणि कॅम्पिंगला फोर बाय फोर पिकअप घ्यावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसला असता, बायको आणि दोन मुलं, 5000 पाउंडाचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पसंत करून ठेवलाय, उन्हाळ्यात फिरायचा बेत आहे, पुढेमागे बोटीचाही विचार आहे, आणि डीलर म्हणतो फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, नसेल तर ट्रेलरचा विचारच सोडा. माझं सरळ उत्तर, ओढायला नाही लागत. कॅम्पिंगला कधीतरी लागते, आणि ते कधीतरी तुमच्या वापरात किती वेळा येणार ते बघून पैसे टाका. मी इंदूरचा, लोकमान्यनगरातला, पण मधली सहा वर्षं डेन्व्हरजवळ दादाबरोबर होतो, तेव्हा आमच्याकडे ट्रेलर होता, आधी रिअर व्हील ड्राइव्ह पिकअपने ओढला आणि नंतर फोर बाय फोरने, म्हणून दोन्ही बाजू वापरून बघितलेल्या सांगतोय.

पहिली गोष्ट वजनाची, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. गाडी किती ओढू शकते हे चेसिस, इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्सचा कूलर, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो आणि ब्रेक यावर ठरतं, पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळते की नाही यावर नाही. उलट फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस, पुढचं डिफरेंशियल, पुढचे शाफ्ट असा दोनेकशे पाउंडांचा माल जास्तीचा येतो आणि तो तुमच्याच पेलोडमधून, म्हणजे गाडी अंगावर पेलू शकते त्या वजनातून, कापला जातो, त्यामुळे त्याच मॉडेलची टू व्हील ड्राइव्ह बऱ्याचदा थोडं जास्तच वजन घेते.

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर टायर आणि लोडचं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाता कामा नये. तोच तुमचा खरा आकडा, जाहिरातीतला नाही. आता हिशेब करा. 5000 पाउंड म्हणजे रिकामा ट्रेलर, त्यात 40 गॅलन पाणी भरलं की तेच 330 पाउंड, मग गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणं, खाणंपिणं, की आरामात 6000 होतो. त्यातला 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांड्यातून हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) येतो, टंग वेट म्हणतात तो, म्हणजे साधारण 750. चौघं मिळून 500 धरा, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (हा भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणाऱ्या जोडणीचे) 100, मागे कूलर, लाकडं, मुलांच्या सायकली मिळून 250. झाले 1600. आता समजा स्टिकरवर 1650 असेल आणि तुम्ही हौसेने फोर बाय फोर घेतली, की तोच आकडा 1450 वर येतो आणि गाडी ओव्हरलोड, मग डीलर काहीही म्हणो.

आणि अजून एक, हा टंग वेट मागच्या अ‍ॅक्सलवर बसतो, त्यामुळे रिअर व्हील ड्राइव्हची चाकं ट्रेलर लावल्यावर रस्ता उलट जास्त चांगली धरतात. फ्रंट व्हील ड्राइव्हचं बरोबर उलटं होतं, पुढचा भार हलका पडतो.

खरी भीती चढाची नाही, उताराची आहे. आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे, टर्बो नसलेलं इंजिन दर 1000 फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं म्हणजे तिथे एक तृतीयांश गेलेली असते, पण त्याचं काय, हळू चढायचं. बोगद्यातून पश्चिमेला निघालं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढाच्या पट्ट्या बांधल्यात इतका. तिथे खाली उतरून आम्ही थांबलो तर जळका वास, दादाने पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला, रिमच्या आतून धग येत होती. ट्रेलरची चाकं मात्र हाताला नुसती कोमट लागली. म्हणजे ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे ते ब्रेक किती जोराने लागायचे ते, कमी ठेवला गेला होता आणि 6000 पाउंडांचा ट्रेलर पूर्ण उतार आमच्या पिकअपच्या ब्रेकवर ढकलत आला होता. ही गाडी फोर बाय फोर होती बरं का, नॉब पूर्ण वेळ टू एचवरच, म्हणजे दोनच चाकांवर, आणि तो फोर बाय फोरवर केला असता तरी थांबवायला फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. आमच्या एबी रोडवरच्या (आग्रा-मुंबई महामार्गावरच्या) गणेश घाटात ब्रेक फेल होऊन किती अपघात झालेत ते इंदूरात कुणालाही विचारा, मी त्याच रस्त्याने लहानाचा मोठा झालो आणि तरी त्या दिवशी गेन तपासला नव्हता. निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवून ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून बघा, प्रत्येक वेळी.

आता फोर बाय फोर कुठे लागते ते. ओलं गवत, हे सगळ्यात आधी. रिअर व्हील ड्राइव्ह असताना एकदा रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी जरा चढाच्या गवताळ जागेवरून ट्रेलर निघेना, चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करत बसली, शेवटी शेजारच्यांनी पट्टा लावून ओढलं. दुसरं म्हणजे चढावर उलटा ट्रेलर लावणं, फोर लोमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गिअरमध्ये, गाडी मुंगीसारखी सरकते, गिअरबॉक्स तापत नाही, हे मला मनापासून आवडतं. पण पार्ट टाइम (लागेल तेव्हाच चालू करायची) फोर बाय फोर चालू ठेवून कोरड्या डांबरावर वळवू नका, पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. तिसरं बर्फ, मात्र कोलोरॅडोत 1 सप्टेंबर ते 31 मे आय-70 च्या डोंगराळ भागात फोर व्हील ड्राइव्ह असली तरी टायरची खाच 3/16 इंच खोल पाहिजेच. तुम्ही उन्हाळ्यात जाणार, तर हे तुम्हाला लागू होत नाही.

आणि चिखल? इथे मी हट्टाने सांगतो. सांवेरजवळ मामांच्या शेतावर जुनी फोर बाय फोर जीप होती, एका जुलैत दोन दिवसांच्या पावसानंतर आम्ही ती बांधावरून आत घातली आणि वीस फुटांत चारही चाकं फिरताहेत आणि गाडी तिथेच. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचा कणकेसारख्या भरून टाकते, मग चार चाकं फिरवा की दोन, गुळगुळीत रबरच फिरतं. मामा खुरप्याने मडगार्डमधून मातीचे थापे काढत होते, आमच्या तळहाताएवढे जाड, आणि शेवटी ट्रॅक्टरनेच काढली. नंतर यूटामध्ये कॉटनवुड कॅन्यन रोडच्या तोंडाशी पाटी दिसली की ओला असताना हा रस्ता कुणालाच जाता येत नाही, दादा म्हणाला आपली तर फोर बाय फोर आहे. मी खाली उतरलो, माती बोटांत घेऊन थोडं पाणी घालून चोळली, अगदी तीच, साबणासारखी, बोट सोडेना. ती बेंटोनाइटची माती, आमच्या काळ्या मातीची सख्खी बहीण. आम्ही मागे फिरलो, डांबरी रस्त्याजवळ मुक्काम केला. तसंही तिकडे बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी 28 दिवसांत 14 दिवस फुकट राहता येतं आणि चांगल्या जागा पक्क्या रस्त्यापासून फार लांब नसतात.

मी तुमच्या जागी असतो तर टू व्हील ड्राइव्ह घेतली असती, टोइंग पॅकेजसकट, 3.55 किंवा 3.73 रेशोचा अ‍ॅक्सल, कंपनीचा ब्रेक कंट्रोलर आणि मागे लॉकिंग डिफरेंशियल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं. त्या लॉकरने ओल्या गवताचा अर्धा प्रश्न मिटतो. वाचलेल्या पैशातून चांगले ऑल टेरेन टायर आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) घ्या. हिवाळ्यात डोंगरात जायचं ठरलं किंवा तुमच्या बोटीचा विचार पक्का झाला, की मग फोर बाय फोर घ्याच, तेव्हा मी नाही म्हणणार नाही, बोटीच्या ओल्या शेवाळलेल्या रॅम्पवर ती पाहिजे. पण तेव्हाही पेलोड जास्त असलेली बघा.

डीलरकडे जाल तेव्हा दोन्ही गाड्यांच्या दारावरच्या स्टिकरचे फोटो काढून इथे टाका, ट्रेलरच्या वजनाच्या प्लेटचाही, मी बसून हिशेब करून देतो.