दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना प्रोबायोटिक दिल्याने हगवण थांबते का?

तुमचा प्रश्न असा आहे: २८ दिवसांची पिलं आईपासून तोडली की चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण लागते, दर वेताला दोन-तीन दगावतात. औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंची पावडर द्या म्हणतात, तर ती द्यावी का?

द्या. पण हगवण लागल्यावर सुरू करू नका, तोडायच्या आठवडाभर आधीपासून द्या. आणि पावडरीवर पैसे घालण्याआधी एवढं बघा की तोडल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत पिलाच्या पोटात काही जातंय का. माझ्या अनुभवात बरंचसं तिथेच ठरतं.

आईजवळ असताना पिलू साधारण तासातासाला दूध पितं. ऊन, पातळ, पचायला सोपं. तोडल्या दिवशी ते एकदम बंद होतं आणि समोर कोरडा भरडा येतो. हे खाणं आहे हेच पुष्कळ पिलांना कळत नाही, ती दिवसभर उपाशी राहतात, काही तर दोन दिवस. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक कोंब असतात, अन्नरस तेच शोषतात. आतड्यातून अन्न गेलं नाही की ते झडतात. पाचव्या दिवसापर्यंत त्यांची उंची निम्म्यावर आलेली असते. मग पिलू भुकेने एकदम पोटभर खातं, ते पचत नाही, आणि न पचलेल्या प्रथिनांवर ई. कोलाय हा हगवणीचा जंतू वाढतो. चौथा-पाचवा दिवस म्हणूनच घातक.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. एवढ्याशा पिलाच्या जठरात आम्ल कमी तयार होतं. दूध चालू असतं तोवर लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि जठर आंबट ठेवतात. दूध सुटलं की हा बंदोबस्त जातो, दुधातून येणारी आईची प्रतिकारशक्तीही जाते. प्रोबायोटिकचं काम इथे आहे: चांगल्या जिवाणूंनी जागा अडवायची, आम्ल करायचं, ई. कोलायला आतड्याला चिकटू द्यायचं नाही. झडलेलं आतडं ते एका रात्रीत उभं करत नाहीत.

जानेवारीतली माझी पहिली तुकडी अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटे कप्प्यात गेलो तर नऊ पिलं एकमेकांवर चढून कोपऱ्यात गोळा झालेली, पाठी कमानीसारख्या वाकलेल्या, शेपट्या ओल्या, केस उभे. सिमेंट बर्फासारखं गार. महागातली पावडर मी रोज देत होतो, पण मक्याची पेज शिजवून ती वाफाळत असतानाच त्यात कालवत होतो. म्हणजे जिवंत जिवाणू मी स्वतःच मारून घालत होतो. त्यातली तीन पिलं गेली. तेव्हापासून पिलं तोडताना माझ्याकडे आधी कोरडी पोती, बल्ब आणि थर्मामीटर निघतो. पिलांच्या अंगालगत पहिला आठवडा २८ अंश ऊब लागते.

पावडर घेताना पाकिटावर जिवाणूचं नाव, एका ग्रॅममध्ये जिवंत किती आणि मुदत, हे तिन्ही छापलेलं असेल तरच घ्या. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या रूपात असतात, उष्णता आणि साठवण सोसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि गोळी खाद्यात मला तेच परवडतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक, थंड जागी ठेवा आणि गार खाद्यातच मिसळा. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर पाण्यातून देऊ नका. गुण सगळीकडे सारखा दिसत नाही. एकाच पावडरीचा एका फार्मवर फरक दिसतो, दुसऱ्यावर नाही, कारण जिवाणूची जात, मात्रा आणि कप्प्याची स्वच्छता वेगळी असते. म्हणून एका वेतातल्या अर्ध्या पिलांना देऊन, दोन्ही गट वजन करून स्वतः पडताळा.

ताक चालेल का, हे मला नेहमी विचारतात. चालतं. दह्यातले जिवाणू डुकराच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत, पण त्यातलं आम्ल उपयोगी पडतं. ताजं, बिनमिठाचं ताक घालून भरडा पातळ करा. उथळ थाळीत थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवा आणि उरलेलं दर वेळी काढून थाळी धुवा. तोंड थाळीत बुडवून पिलं चाटायला लागली की समजा अर्धी लढाई जिंकली. दहाव्या दिवसापासून आईजवळच असं थोडं खाद्य ठेवलं तर तोडल्यावर ती बावरत नाहीत.

खाद्यातही बघा. कच्चं सोयाबीन अजिबात नको, भाजलेली सोयापेंडही सुरुवातीला कमी. चुनखडी जास्त पडली तर ती पोटातलं आम्लच मारते, त्यामुळे मोठ्या जनावरांचं खाद्य पिलांना घालू नका. हॉटेलचं खरकटं या वयात नकोच.

हगवण लागलीच तर आधी पाणी सांभाळा. मीठ-ग्लुकोजचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण आजारी पिलू पाण्याच्या नळीच्या निपलपर्यंत जातही नाही. प्रतिजैविक मनाने देऊ नका. ते चांगले जिवाणूही मारतं आणि त्याच वेळी दिलेलं प्रोबायोटिक बहुधा वाया जातं. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर भारतात २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना बंद आहे. हगवण रोखायला देत त्या झिंक ऑक्साइडचे मोठे डोस युरोपने जून २०२२ पासून बंद केले, कारण त्यातलं जस्त शेणखतातून जमिनीत साठतं. आपल्याकडे कोणी सुचवलं तर पशुवैद्यकाला विचारूनच द्या.

आणि सगळ्यात धष्टपुष्ट पिलू अचानक झोकांड्या खायला लागलं, पापण्या सुजल्या, तर ती साधी हगवण नाही. तो सुजेचा आजार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. दर वेताला दोन-तीन जात असतील, तर पुढच्या वेळी पहिलं इंजेक्शन देण्याआधी आजारी पिलाच्या गुदद्वारातून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर नमुना घ्यायला सांगा. तो बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवा. कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाला दाद देतो, हे त्या अहवालात कळेल.